कंदिलीचा फोटो

मखमलकाकांना खराब फोटोचा मनापासून राग होता. राग म्हणजे किती, तर पूर्वी रीळ धुतल्यावर एखादी निगेटिव्ह जरा हललेली निघाली की ते कात्री घेऊन तिचे चार तुकडे करायचे. चुकूनसुद्धा कोणाच्या हाती लागायला नको! पुढे डिजिटल कॅमेरा आला तेव्हा कात्री खणात गेली आणि तिचं काम एका बटणाकडे आलं. "खराब फोटो म्हणजे खोटा साक्षीदार, असण्यापेक्षा नसलेला बरा," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. आणि लोक माना डोलवायचे, कारण काकांचे फोटो खरोखरच तसे असायचे. नावं ठेवायला जागा नाही.

संग्रहालयाच्या तळमजल्यावर, शंखविभागाच्या मागच्या बाजूला त्यांची खोली होती. एक टेबल, दोन दिवे, आणि एकुलती एक खिडकी, तीही काळ्या कागदाने कायमची बंद केलेली. टेबलावर काळ्या मखमलीचा तुकडा. त्यावर शंख ठेवायचा आणि समोरून, मागून, तोंडाकडून, टोकाकडून, दोन्ही कुशींवरून असे सहा फोटो काढायचे. शंख समुद्रातले नाहीत बरं का, जंगलातल्या गोगलगायींचे. कोणी करंगळीच्या नखाएवढा, कोणी मुठीएवढा. काळी मखमल उजेड पिऊन टाकते, म्हणून शंख कसा एकटा उठून दिसतो. धुळीचा कण दिसला तर मऊ कुंचल्याने झाडायचा, पुन्हा पाहायचं, पुन्हा झाडायचा. चौतीस वर्षं हेच. त्या मखमलीवरूनच सगळे त्यांना मखमलकाका म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच.

बायको मात्र कौतुकाच्या भानगडीत पडायची नाही. "चौतीस वर्षं नुसत्या घरांचे फोटो काढलेत तुम्ही," ती म्हणायची. "एकदा तरी घरमालकाला भेटलात का?"

काका हसून सोडून द्यायचे. पण हे वाक्य त्यांना आत कुठेतरी लागायचं. खरंच होतं ना ते. हजारो शंख हाताखालून गेले, पण शंखात राहणारा जीव त्यांनी कधी टिपला नव्हता.

मग विभागाला नव्या बाई आल्या. काकांच्या लेकीच्या वयाच्या, पण विषयात पक्क्या आणि स्वभावाने तडफदार. एके दिवशी त्या काकांच्या खोलीत आल्या, स्टूल ओढून बसल्या आणि एक छोटी डबी टेबलावर ठेवली. डबीत अकरा शंख होते. पांढुरके, नखाएवढे, तोंड कर्ण्यासारखं पसरलेलं.

"हे ओळखता ना, काका?"

"ओळखतो म्हणजे काय! सहासष्ट फोटो आहेत माझ्याकडे यांचे."

बाईंनी मग सगळं सांगितलं. इथून बसने निम्मा दिवस, पुढे पायी दोन तास, अशा सदाहरित जंगलात चुनखडीचा एक सुटा डोंगर आहे. ही गोगलगाय त्या एका डोंगरावर राहते, जगात दुसरीकडे कुठेही नाही. आणि तो डोंगर आता सिमेंटच्या खाणीला द्यायचा घाट घातलाय. त्यावर निर्णय घ्यायला समिती बसणार आहे. गोगलगाय आज तिथे जिवंत आहे असं दाखवता आलं तर डोंगर राखीव होईल. नाही दाखवता आलं तर गेला.

"हे शंख आहेत की," काका म्हणाले.

"रिकामा शंख पन्नास वर्षं तसाच पडून राहतो, काका. शंख म्हणजे 'होती'. त्यांना 'आहे' हवंय." बाईंनी समितीचा छापील कागद पुढे केला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "जिवंत हवी. आणि जिथे सापडेल तिथेच काढलेला फोटो हवा. तुमच्याइतका चांगला हात दुसऱ्या कोणाचा नाही."

"हो हो," काका म्हणाले. देवा, माणूस 'हो हो' म्हणतो तेव्हा अर्धंच ऐकत असतो! काकांच्या कानात 'जिवंत' एवढाच शब्द घुमत होता.

त्यांनी तयारी सुरू केली ती घरच्या गॅलरीतच, बायकोच्या कुंड्यांमधल्या साध्या गोगलगायींवर. तिथे त्यांना कळलं, शंखाचा फोटो काढणं आणि जिवाचा काढणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. शंख बसवाल तिथे बसतो. ही बया हळू चालते म्हणतात, पण भिंगातून पाहिलं तर क्षणभर स्वस्थ नसते. लांब शिंगाच्या टोकाला डोळा. तो ठळक यायला हवा, आणि जरा सावली पडली की शिंग आत. हाताला मीठ, घाम, डासांचं मलम काही म्हणता काही नको, नाहीतर फेस काढून आत जाते ती बाहेर यायचं नाव नाही. मग पाण्याचा फवारा मारायचा, हळूच कोमट फुंकर घालायची आणि तोंड मिटून वाट बघायची.

"गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात ते तुमच्यासारख्यांनाच," बायको कुंडी ओढून घेत म्हणाली. "इतकी वर्षं खाली मान घालून बसलात, आणि साठीला टेकल्यावर जंगलात जायची हौस!"

"अगं, तिचं अख्खं पोट म्हणजेच पाय आहे," काका भिंगातून डोळा न काढता म्हणाले. त्या दिवसांत ते इतके आनंदात होते की दाढी करताना गुणगुणायचे.

डोंगराच्या पायथ्याशी वस्तीतलं शेवटचं घर वेतवालीचं. डोंगरावरचा वेत तोडून आणायचा आणि ओसरीत बसून टोपल्या विणायच्या, हा तिचा धंदा. नवरा वारला होता, मूलबाळ नव्हतं. बाईंनी तिला वाट दाखवायला गाठून दिलं होतं. तिला त्या गोगलगायी लहानपणापासून माहीत. उजेड आरपार दिसतो म्हणून वस्तीतली पोरं त्यांना कंदिली म्हणायची.

"पूर्वी खंडीभर होत्या, दादा," ती म्हणाली. "आता मीच दोन वर्षांत पाहिली नाही. पण ओलाव्याची एक भेग आहे वर, तिथे असणार. असायला हवी. खाण झाली तर माझंही घर रस्त्यात जातंय. कंदिली सापडली तर मीपण वाचले."

एक, दोन, तीन, चार, पाच खेपा झाल्या. काकांचे गुडघे सोलले, जळवांनी पोटऱ्या फोडल्या, दमट हवेने भिंगावर इतकी वाफ धरायची की अर्धा वेळ पुसण्यातच जायचा. रिकामे शंखसुद्धा दिसले नाहीत. समितीची तारीख आली चार दिवसांवर, आणि काका सहाव्यांदा निघाले. बायकोने या वेळी काही टोमणा मारला नाही, नुसते कोरडे मोजे पिशवीत घातले.

त्या दिवशी दुपारी झिमझिम होऊन थांबली होती. काका भेगेजवळच्या खडकाला टेकून भिंग पुसत होते. इतक्यात वेतवाली दबक्या आवाजात म्हणाली, "दादा, हलू नका. तुमच्या कोपराशी."

त्यांनी मान वळवली. शेवाळावर कंदिली चालत होती.

काय सांगावं! डबीतल्या त्या पांढुरक्या कवचांशी हिचं काही नातंच नव्हतं. मधाच्या रंगाचा शंख, काचेसारखा पातळ. अंग फिकं हिरवं, पाठीवर तांबडी रेघ. आणि शंखातून आरपार दिसत होतं तिचं काळीज, मोहरीएवढं, उडणारं. चौतीस वर्षं ज्याची नुसती घरं पाहिली तो घरमालक आज घरी होता. त्यांनी श्वास रोखला आणि चार फोटो काढले.

मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिले, आणि कपाळाला आठ्या पडल्या. काय ते फोटो! ओल्या खडकावर फ्लॅशचा पांढराफटक उजेड, शंखावर आडवी आलेली काटकी, शेवाळ, चिखल. वरच्या कोपऱ्यात खडकावर खाणीच्या मोजणीवाल्यांनी लाल रंगात फासलेला सतरा हा आकडा. कंदिली कुठे आहे ते शोधावं लागत होतं. काकांनी तोंडातल्या तोंडात "शी!" केलं, आणि सवयीने एकामागून एक चारही पुसून टाकले.

"अहो, कशाला? दिसतेय की ती," वेतवाली म्हणाली.

"ताई, असले फोटो घेऊन गेलो तर समिती हसेल मला. हिचं रूप दिसायला हवं. आहे कोण ही, कळायला हवं त्यांना."

त्यांनी कंदिलीला अलगद ओल्या पानावर घेतलं आणि जपत जपत खाली वेतवालीच्या ओसरीत आणलं. टोपल्यांचा ढीग बाजूला झाला, स्टुलावर मखमल पसरली. दोन्ही बाजूंना पांढरे कागद लावून उजेड मऊ केला. अंगाला लागलेला चिखलाचा कण त्यांनी पाण्याच्या थेंबाने काढला. आणि मग दोन तास त्या माणसाने जे काम केलं ते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम होतं. तीनशे फोटो. शेवटी शेवटी तर कंदिली मान उंच करून, चारी शिंगं पसरून अशी थांबली की जणू तिलाही कळलं होतं. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"झालं, ताई," ते म्हणाले. "वाचलो आपण."

वेतवालीने कंदिलीला पानावर घेतलं आणि पुन्हा वर जाऊन त्याच खडकावर सोडून आली. आल्यावर दोघं ओसरीत बसून चहा प्यायली. नुसती एकमेकांकडे बघून हसत होती.

समितीच्या बैठकीला बाईंनी काकांनाही नेलं. मागच्या रांगेत खुर्ची. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दिवे मंद झाले, भिंतीवर फोटो आला. कोणीतरी न राहवून "वा!" म्हणालं. काकांचा ऊर भरून आला.

अध्यक्ष वयस्कर, शांत गृहस्थ होते. त्यांनी बराच वेळ फोटो पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"अप्रतिम आहे," ते म्हणाले. "पण ही त्याच डोंगरावरची, हे कशावरून? मागे तर नुसता काळोख आहे."

कंपनीचा वकील हळूच म्हणाला, "काचेच्या पेटीत पाळलेलीही असू शकते, साहेब."

बाई ताडकन उठल्या, जोरात भांडल्या. काका तिथे होते, वाट दाखवणारी बाई साक्षीला आहे, सगळं सांगितलं. अध्यक्षांनी ऐकून घेतलं. "बाई, मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाही. पण नियमात जागेवरचा फोटो आहे. साधा चालेल. हललेला, धूसर, वेडावाकडा, कसाही. फक्त जागा दिसू द्या. असा एखादा नाही का?"

जागेवरचेही काढले असतीलच, असं गृहीत धरलेल्या बाईंनी मागे वळून पाहिलं. काका उभे राहिले होते.

"होते," ते म्हणाले. "चार होते. लाल आकडासुद्धा होता मागे."

"मग द्या ना!" बाई म्हणाल्या.

"पुसले मी."

बाईंचा चेहरा आधी लाल झाला आणि मग अगदी उतरला. काकांना वाटलं, यांनी आपल्याला चार शब्द सुनावावेत, ओरडावं. पण त्या खाली बसल्या आणि समोरचे कागद उगीच सरळ करायला लागल्या. अध्यक्षांनी बारा दिवसांची मुदत दिली.

संग्रहालयात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या मुलीने कॅमेऱ्याचं कार्ड दोन दिवस उलटंपालटं केलं. "पुसलेलं परत येतं कधीकधी, काका," ती म्हणाली. "पण त्याच जागेवर तुम्हीच वरून तीनशे फोटो काढलेत. त्यांनीच खाल्लंय ते." तिने वाईट वाटून कार्ड परत दिलं. काकांनी ते शर्टाच्या खिशात ठेवलं आणि थेट बसस्टँड गाठला.

डोंगरापाशी पोचले तर तो ओळखू येईना. बैठकीच्या निकालाआधीच कंपनीने रस्त्यासाठी खालच्या अंगाची झाडं पाडली होती. जिथे भर दुपारी अंधारं असायचं तिथे ऊन थेट खडकावर येत होतं. ओलाव्याची भेग कोरडी पडली होती. शेवाळ तपकिरी झालं होतं आणि बोट लावलं की त्याचा भुगा होत होता. काकांनी जवळचं पाणी प्यायलं नाही, बाटली न् बाटली त्या भेगेत ओतली. वेतवालीने वस्तीतून कळशी आणून ओतली. खडक पाणी पीत होता आणि पुन्हा पांढरा पडत होता.

नऊ दिवस ते तिच्या ओसरीत मुक्कामाला राहिले. उजाडलं की वर, तिन्हीसांजेला खाली. पालापाचोळा चाळला, दगड उलटे केले आणि पुन्हा होते तसे ठेवले. "येईल, दादा, येईल," वेतवाली म्हणायची. पुढे पुढे तिनेही म्हणायचं सोडलं.

दहाव्या दिवशी सकाळी, लाल सतराच्या बरोबर खाली, सुकलेल्या पानाच्या घडीत कंदिली सापडली. मधाचा रंग अजून शिल्लक होता. काकांनी उजेडासमोर धरली. आरपार दिसत होतं, आणि आत कोणी नव्हतं.

"मीच मारली," काका म्हणाले. "दोन तास मखमलीवर ठेवली. मीच मारली."

"उन्हाने मेली, दादा. मी सोडली तेव्हा चांगली चालत गेली होती."

काकांनी ते ऐकलं, पण पटलं कधीच नाही. त्यांनी तिथेच, खडकावर, आकड्यासकट, शेवाळाच्या भुग्यासकट त्या शंखाचा फोटो काढला. काटकी आडवी आली होती, ती बाजूला केली नाही. समितीने तो पाहिला आणि कागदावर जे लिहायचं ते लिहिलं. रिकामा शंख. म्हणजे 'होती'.

घरी बायकोने दार उघडलं, चेहरा पाहिला आणि हातातली पिशवी घेतली. रात्री जेवणाच्या ताटावर काका एकदम रडायला लागले. नवऱ्याला असं हुंदके देऊन रडताना तिने कधी पाहिलं नव्हतं. "इतका चांगला कशाला आला गं तो फोटो?" ते म्हणत होते. "जरा वाईट आला असता तर?" ती पाठीवरून हात फिरवत राहिली.

बारावा शंख डबीत गेला. त्याआधी काकांनी मखमलीवर ठेवून त्याचे सहा फोटो काढले, कारण ते त्यांचं काम होतं. त्यानंतर मात्र त्यांनी कॅमेऱ्यातलं काहीही पुसायचं सोडलं. हललेले, काळे, आंधळे, सगळे फोटो ठेवून द्यायचे. विभागातले लोक कुजबुजायचे, काकांचा हात गेला म्हणून.

पावसाळा संपता संपता सुरुंग सुरू झाले. वेतवालीचं घर रस्त्यात गेलं. वस्तीतले लोक जिकडे तिकडे पांगले, आणि ती एक बोचकं घेऊन शहरात आली. बाईंनी खटपट करून तिला संग्रहालयात झाडलोटीच्या कामावर लावलं. वेत विणणारे हात ते, पण शहरात त्या हातांना झाडूच मिळाला.

तिच्या पहिल्या दिवशी काका तिला न्यायला मुद्दाम दारापर्यंत आले. आत शिरताच समोरच्या भिंतीवर तो फोटो होता, दरवाजाएवढा मोठा करून लावलेला. संग्रहालयात येणारा प्रत्येक जण त्याच्यापुढे थांबायचा, त्याच्याबरोबर स्वतःचा फोटो काढून घ्यायचा. काका मात्र रोज मागच्या जिन्याने यायचे. आज तिच्यासाठी पुढून आले होते.

वेतवाली थांबली. बोचकं खाली ठेवलं. "अगंबाई, आपली कंदिली!" ती म्हणाली, आणि तिचा चेहरा किती दिवसांनी उजळला. ती फोटोच्या अगदी जवळ गेली. डावीकडचा कोपरा पाहिला, उजवीकडचा पाहिला, मग वाकून खालची कड पाहिली. काहीतरी शोधत होती.

"काय पाहताय, ताई?"

"हा माझ्या ओसरीतच काढलेला ना, दादा? स्टुलावर?"

"हो."

"मग माझा खांब दिसायला हवा होता इथे. टोपल्या होत्या मागे. उंबऱ्याची कड तरी." तिने त्या काळ्यावर हात ठेवला आणि चाचपल्यासारखा फिरवला. "आता कुठे उरलंय ते घर. म्हटलं, इथे तरी असेल."

काकांनी तिचं बोचकं उचललं. मागून लोक येत होते, जरा बाजूला व्हा म्हणत होते, त्यांना फोटो काढायचा होता.